पाऊस नको म्हणणारे सर

१९ सप्टेंबर. ज्वारीच्या जुन्या बियाण्याची उगवण बघायचं काम हातात आहे. काम सोपं आणि कंटाळवाणं. प्रत्येक डब्यातले मूठभर दाणे ओल्या जाड कागदावर मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, वर डब्याचा क्रमांक टाकायचा आणि गुंडाळ्या बादलीत उभ्या ठेवायच्या. काही दिवसांनी उघडायच्या. कोंब आला ते बियाणं जगलं, नाही आला ते गेलं. गुंडाळ्या मागच्या आठवड्यात भरल्या, उद्या सकाळी उघडायच्या आहेत. आज डबे पुसून मांडणीवर लावतेय. कंबर धरलीय आणि दुपारपासून लाइट नाही.

आमच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात मी तांत्रिक सहायक आहे. नवे अधिकारी आलेत, तरुण आहेत, कामाला वाईट नाहीत. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "मॅडम, आता इथं सोयाबीन. ज्वारीचे डबे तपासा. निम्म्याहून कमी उगवलं ते सरळ टाकून द्या." मग खिडकीबाहेर बघून म्हणाले, "आणि ते लोखंडी छप्पर. नळदुर्गचा भंगारवाला वीस तारखेला गाडी घेऊन येतोय."

मी बरं म्हटलं. इतर डब्यांतले मूठभर दाणे घेतले. एका डब्यातले सगळेच्या सगळे घेतले. तो डबा आमच्या जुन्या सरांचा, आणि बाहेरचं छप्परही त्यांचंच.

सर मूळचे कोकणातले. नोकरी सगळी कोरड्या मुलखात केली, पण गावाला एवढंच कळलं होतं की हा पावसातनं आलेला माणूस आहे आणि ह्याला पाऊस नको असतो. इथं ढग दिसला की लोक घराबाहेर येतात. सरांचं तोंड उतरायचं. फाट्यावरचा चहावाला मुद्दाम म्हणायचा, "साहेब, लई भरून आलंय. पेढे वाटा आज."

"गप्प बसा हो," सर म्हणायचे. "नाव घेऊन बोलावू नका त्याला."

काम ज्वारीला पाण्याचा ताण देऊन बघण्याचं, तर पाऊस पडून चालेल कसं? रब्बीची ज्वारी काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येते. कणीस निसवून बाहेर येईपर्यंत ती ओल संपत आली की खालून पानं वाळायला लागतात, दाणा बारीक राहतो, उभं ताट कोलमडतं. आफ्रिकेतल्या एका ज्वारीची पानं मात्र शेवटपर्यंत हिरवी राहतात. ते तिच्या जीनमध्ये आहे; एका जीनमध्ये नव्हे, गुणसूत्रांवर चार-दोन वेगवेगळ्या ठिकाणी. तेवढे तुकडे आपल्या इथल्या मालदांडी ज्वारीत आणायचे, हे सरांचं काम. आणले का नाही, हे कळायला कोरडं रान लागतं. इथं कोरडं रान भरपूर, पण नेमकं दाणा भरायच्या वेळेला अवकाळी यायचा आणि अख्खं साल फुकट जायचं.

म्हणून ते छप्पर. लोखंडी सांगाडा, वर आरपार दिसणारे पत्रे, खाली चाकं आणि चाकांखाली रूळ. एरवी ते रिकाम्या जागेवर उभं असायचं. पाऊस आला की ढकलत न्यायचं आणि प्लॉटवर उभं करायचं, म्हणजे पिकावर थेंब पडत नाही. गावानं त्याचं नाव साहेबाची रेल्वे ठेवलं. सरांना त्याचा राग नव्हता. ते स्वतःच ओरडायचे, "चला, गाडी सोडा!" की आम्ही हातातलं टाकून पळायचो. आठ-दहा जणांचं ढकलणं होतं ते. सगळा जिल्हा ओंजळ पुढं करून उभा आणि आम्ही पिकावर छप्पर ओढतोय. मला काही वाटायचं नाही. मला त्याचा पगार होता.

सरांच्या हातात बारा महिने छत्री असायची. ती त्यांनी स्वतःच्या डोक्यावर उघडलेली मी पाहिली नाही. तिचं टोक रानातल्या भेगेत घालून ते भेग किती खोल गेलीय बघायचे. छत्री पुरली नाही की जमिनीवर पालथे पडून भेगेत हात घालायचे, पार खांद्यापर्यंत. गाल मातीला टेकवून, डोळे मिटून सांगायचे, "आहे. खाली ओल आहे." एकदा त्यात हातातलं घड्याळ सुटून खाली गेलं. गडी टिकाव घेऊन आले तर त्यांना हाकलून दिलं. प्लॉटची माती हलता कामा नये. दुसरं घड्याळ घेतलं नाही. कुणी वेळ विचारली तर छत्री प्लॉटकडं करायचे, "तिकडं चालू आहे. जाऊन बघून या."

कुठल्या रोपात ते तुकडे आलेत, हे नुसतं बघून कळत नाही. कोवळ्या पानाची टिकली काढून हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवावी लागायची. टिकल्या आम्ही ऑफिसात कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन असतं त्यानं काढायचो. त्या बर्फात ठेवायच्या. बर्फ हायवेवरच्या ढाब्यावर मिळायचा. पहिल्या वेळी मी सरांबरोबर होते. ढाबेवाल्यानं खोक्याकडं बघून डोळा बारीक केला.

"एवढा बर्फ? मासळी हाय का, साहेब?"

"ज्वारी आहे."

"ज्वारीला बर्फ?"

"ऊन सोसत नाही तिला."

"कसली ज्वारी म्हणायची ही?"

"दुष्काळात टिकणारी," सर म्हणाले आणि शांतपणे गाडीत जाऊन बसले. ढाबेवाला माझ्याकडं बघायला लागला. मी पैसे दिले आणि निघाले. सगळ्यांना सगळं समजावत बसायला मला वेळ नसतो.

आफ्रिकेच्या आणि मालदांडीच्या ह्या संकराला सर सून म्हणायचे. तिला दरवर्षी पुन्हा मालदांडीचंच परागकण द्यायचं, म्हणजे पिढीगणिक तिकडचं कमी होत जातं आणि इकडचं वाढतं. शेवटी मालदांडीच राहिली पाहिजे, फक्त हिरवी राहायचा गुण तेवढा तिकडचा. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते असं: "घरात सून आणायची. माहेरचं सगळं हळूहळू सुटलं पाहिजे, कामाचा तेवढा एक गुण राहिला पाहिजे."

मी म्हटलं, "सर, हे तुम्हाला कुणी सांगितलं? माहेरचा एकच गुण आला आणि बाकीचं सुटलं, असं होतं का कुठं?"

त्यांना माझं बोलणं टोमणा वाटलंच नाही. ते थांबले, विचार करून म्हणाले, "नाही होत. तीच तर अडचण आहे, मॅडम."

तशी ती होतीच. त्या तुकड्यांना चिकटून माहेरचं आणखी काहीतरी येत होतं. सुनेची पानं हिरवी, ताट भक्कम, पण पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नाही. भाकरी थापताना कडा फुटायच्या, परातीतनं उचलली की दोन तुकडे. अशी ज्वारी इथं कोण पेरणार? त्यामुळं दर पिढीचं थोडं पीठ करून भाकरी करून बघायची असं ठरलं. केंद्रात त्या वेळी बाईमाणूस मी एकटी, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"माझ्या नेमणुकीच्या आदेशात भाकरी नाही, सर."

"माझ्याही नाही," म्हणून सर स्वतः चुलीपुढं बसले. तांदळाच्या मुलखातला माणूस. एकेक भाकरी म्हणजे जिल्ह्याचा नकाशा. धुरानं डोळे गळताहेत, पीठ चष्म्यावर, आणि विचारताहेत, "ही विरी नसल्यामुळं तुटली का माझ्यामुळं?" अशानं पीठही गेलं असतं आणि निष्कर्षही. शेवटी मी थापायच्या आणि त्यांनी चूल सांभाळायची असं झालं. भाकरी थंड झाली की ते ती चौघडी दुमडायचे. मोडली की तिथंच बसून खायचे, नुसत्या मिठाबरोबर. सुनेच्या मोडक्या भाकऱ्या त्यांनी किती वर्षं खाल्ल्या कुणास ठाऊक. ज्या साली भाकरी दुमडली आणि तडकली नाही, त्या साली ती त्यांनी पुन्हा उलगडली, पुन्हा दुमडली आणि माझ्यापुढं धरली. "रुळली," म्हणाले. त्या दिवशी भाकरी खायची विसरले.

भाषण द्यायला त्यांना बोलवू नये असं माझं मत होतं. तामलवाडीला शेतकरी मेळावा होता. एका म्हाताऱ्यानं उभं राहून विचारलं, "साहेब, बिनपाण्याची ज्वारी कवा देताय?"

सर एकदम तापले. "बिनपाण्याची ज्वारी नसते! जीन काही पाणी पाडत नाही. तो फक्त उधळपट्टी थांबवतो." मग जरा खाली येऊन समजावून सांगितलं. ही ज्वारी लहानपणी फुटवे कमी काढते, पानं आखूड ठेवते. जमिनीतलं पाणी सुरुवातीला उडवत नाही, दाणा भरायच्या वेळेसाठी राखून ठेवते.

"म्हंजे कंजूष ज्वारी म्हणा की."

"हो. कंजूष."

"अन् पाऊसपाणी चांगलं झालं तर?"

तिथं दुसरा कुणी असता तर काहीतरी गोड बोलला असता. सर म्हणाले, "तर ही मार खाईल. दुसरी ज्वारी हिच्यापेक्षा जास्त देईल."

"मग चांगल्या सालाचं काय करायचं आमी?"

"चांगलं साल शेवटचं कधी झालं, तेवढं मला सांगा."

मंडप हसला. म्हाताराही हसला आणि खाली बसला. सर एकटे गंभीर होते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

भाकरी रुळली, पण कामावर शिक्का बसायला एक गोष्ट राहिली होती. ह्या शेवटच्या पिढीला एक पूर्ण हंगाम कोरडा काढून दाखवायचा होता. सरांच्या नोकरीचाही तो शेवटचा हंगाम. बियाणं थोडं, ते सगळं छपराच्या प्लॉटमध्ये पेरलं.

त्या साली पाऊसकाळ कोरडा गेला होता. गावात टँकर, जनावरं चारा छावणीत. रब्बीच्या पेरण्या कशाबशा झालेल्या. सून मात्र बघण्यासारखी उभी होती. बाजूची ज्वारी गुडघ्यापर्यंत वाळली होती आणि ही तळापासून हिरवी. सर दिवसातनं चार वेळा जाऊन बघायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत, दृष्ट लागेल म्हणून. विज्ञानाचा माणूस!

कार्तिकातली दुपार होती. भरून आलं आणि टपोरे थेंब सुरू झाले. सर छत्री हलवत पळत आले, "चला, चला, गाडी सोडा!"

खुरपायला आलेल्या बायका बांधावर उभ्या होत्या. कुणी हललं नाही. त्यांची म्होरकी गवळणआक्का. पदर खाली पडलेला, तोंड वर केलेलं.

"आक्का, ऐकू येतंय ना?"

"येतंय की."

"मग?"

"आज न्हाय, साहेब."

"आज नाही म्हणजे काय?"

"साल झालं वाट बघतोय आमी. आज आलाय तर त्याला आडवं जाणं आमच्याकडनं व्हायचं न्हाय. रोज कापा आमचा."

"अहो आक्का, हा एवढासा तुकडा! बाकी सगळ्या रानावर पडतोयच की."

"त्येच म्हणती म्या. समद्यावर पडतोय, मग ह्यांनीच काय पाप केलंय?"

मी छपराला खांदा लावला. पाप-पुण्याचं नंतर बघता येतं. सरांनी छत्री टाकली आणि दुसऱ्या बाजूनं जोर लावला. दोघांच्या ताकदीनं ते हातभर सरकलं आणि थांबलं. पुन्हा लावला. थांबलं ते थांबलंच. पाऊस जोरात आला.

"राहू द्या, मॅडम," सर म्हणाले.

"सरकतंय, सर."

"राहू द्या. भिजली आता."

ते रुळावर बसले. केसांतनं पाणी गळत होतं, चष्मा काढून हातात धरला होता. मग म्हणाले, "छान पडतोय." दुसऱ्याच्या मुलाला चांगले मार्क पडल्यावर लोक बोलतात, तसा आवाज होता.

एक कोरडं साल कमी पडलं. ह्या जिल्ह्यात राहून.

वरून पत्र आलं: छप्पर वेळेत का सरकवलं नाही? मजुरांनी कामचुकारपणा केला असेल तर त्यांना कमी करा. छपराची तपासणी करायला माणूस येणार असंही त्यात होतं. तो यायच्या सकाळी मी लवकर गेले, तर सर चाकापाशी उकिडवे बसलेले. मुठीत माती घेऊन पेन्सिलीनं चाकाच्या बेअरिंगमध्ये ठासत होते. एकेक चाक. अगदी मन लावून.

"काय करताय, सर?"

"चाकं अडकली होती, मॅडम."

"अडकली नव्हती."

"आता अडकलीत."

तपासणीच्या माणसानं लाथ मारून बघितलं, चाकं करकरली, त्यानं तसं लिहून घेतलं. बायकांचा रोज चालू राहिला. आक्काला कळलं कसं, मला ठाऊक नाही. ती ऑफिसच्या दारात येऊन म्हणाली, "पुढल्या साली ढकलू आमी, साहेब."

"पुढच्या साली मी नाही, आक्का," सर म्हणाले आणि टेबलावरचे कागद आवरायला लागले.

त्या चाकांची करकर अजून गेली नाही. दरवर्षी मी ग्रीस घालते. सरांच्या जागी आलेल्यांना दुसरी पिकं होती. त्या भिजलेल्या प्लॉटचं बियाणं काढून मी डब्यात भरलं. आफ्रिकेची ती मूळ ज्वारी जगात कुठंतरी असेलच, पण रुळलेली सून ह्या एका डब्यातच आहे. दर पेरणीला सरांचा पुण्याहून फोन यायचा.

"सून कशी आहे?"

"झोपलीय, सर. डब्यात."

"झोपू द्या. पण उठवायचं विसरू नका हं."

मी हो म्हणायचे. उठवायला जागा आणि परवानगी लागते. दोन वेळा अर्ज केला, दोन्ही वेळा उत्तर आलं नाही. ह्या वर्षी फोन त्यांच्या मुलीचा आला. ते आता माणसं ओळखत नाहीत म्हणाली. जेवतात, झोपतात, त्रास काही नाही. फक्त आभाळ भरून आलं की गॅलरीत जाऊन ओरडतात. "काकू, ही गाडी सोडा, गाडी सोडा म्हणजे कुठली गाडी हो?"

मी तिला सांगितलं. तिला कितपत कळलं माहीत नाही. नंतर मी केंद्रात आले आणि डबा उपडा केला. दाणे ओळखायला सोपे होते, मालदांडीसारखेच, मोत्यासारखे, फक्त जुने. काही दाण्यांचा डब्यातच भुगा झाला होता. उरलेले सगळे कागदावर मांडले. उद्या निम्म्याहून कमी निघाले तर सून केराच्या ढिगावर, आणि छप्पर भंगारात. आता डबे पुसून झाले. घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे.

हे काल लिहिलं. आज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी गेले आणि पहिली तीच गुंडाळी सोडली. बहुतेक दाण्यांवर बुरशी होती. मधूनमधून पांढरे कोंब. निम्म्याच्या जवळपासही नाहीत, एका तळहातावर मावले. नियमानं टाकून द्यायचे.

मी खुरपं आणि तांब्या घेऊन छपराच्या प्लॉटमध्ये गेले. माती परवाच्या सरीनं ओली होती. एक ओळ आखली आणि एकेक कोंब लावायला बसले. कुंपणापलीकडं आक्का शेळ्या घेऊन आली होती. आता ती रोजावर येत नाही, पाठीत वाकलीय.

"काय लावताय, बाई?"

"सून."

आक्कानं शेळ्या खांबाला बांधल्या, तारेखालून आली आणि काठीनं पुढं पुढं भोकं पाडत चालली. ओळ संपता संपता भरून आलं. तिनं छपराकडं बघितलं.

"सारायचं का?"

"आत्ता नको. रुजायला पाणी लागतं. कार्तिकात."

"मग कार्तिकात बोलवा."

भंगारवाल्याची गाडी फाटकातनं आत आली, मागून नव्या साहेबांची मोटरसायकल. मी ओळीच्या तोंडाला उभी राहिले.

"मॅडम, ह्या बाजूनं गाडी लावायचीय," साहेब म्हणाले.

"लावता येणार नाही, साहेब. प्लॉटमध्ये पीक आहे. कापणीपर्यंत इथं वाहन आणायचं नाही, नियम आहे."

"पीक? कुठंय पीक?"

मी दाखवलं. ते वाकले. कोंब नखाएवढे होते.

"हे?"

"हेच."

"हे तर टाकून द्यायचं बियाणं असणार."

"हो. मातीत टाकलं."

ते माझ्याकडं बघत राहिले, मग छपराकडं, मग आक्काकडं. आक्का काठीला टेकून त्यांच्याकडंच बघत होती.

"कापणी कधी?"

"फेब्रुवारी धरा."

भंगारवाल्यानं गाडी बंद केली. "मग निदान च्या तरी पाजा," म्हणाला.

त्याला चहा पाजून परत पाठवलं. पावसाला सुरुवात झाली होती. मी ग्रीसचा डबा घेतला आणि चाकांशी जाऊन बसले.